एसडीपी.८१ चं वर्धन ११ धरायचं की १७?

कंकणाकृती
एसडीपी.८१ ही हर्शेल दुर्बिणीच्या एच-ॲटलास सर्वेक्षणात सापडलेली धुळकट दीर्घिका, रेडशिफ्ट (विश्व प्रसरल्याने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, जास्त म्हणजे लांब) ३.०४२. तिच्या आणि आपल्या मध्ये ०.२९९ रेडशिफ्टला एक लंबवर्तुळाकार दीर्घिका आलेली आहे आणि तिच्या गुरुत्वामुळे मागच्या धुळीचं कंकण झालंय. चिलीतल्या अल्मा या अनेक अँटेनांच्या दुर्बिणीने २०१४ च्या लांब बेसलाइनच्या (बेसलाइन म्हणजे दोन अँटेनांतलं अंतर) मोहिमेत ती बँड ४, ६ आणि ७ या वारंवारितेच्या पट्ट्यांत टिपली. बँड ७ चं विभेदन ३१ × २३ मिलीआर्कसेकंद. विदा (डेटा) सगळ्यांना खुला आहे.

टीक्लीन या चित्र काढणाऱ्या प्रोग्रामने काढलेल्या चित्रावर साधं मॉडेल बसवलंय. भिंगाला वस्तुमानाचं समतापी लंबगोल वाटप (५ चल), बाह्य शिअर म्हणजे आजूबाजूच्या वस्तुमानाची ओढ (२), मागच्या दीर्घिकेला एकच सेर्सिक म्हणजे तेजाचा गुळगुळीत लंबगोल (७). आइन्स्टाइन त्रिज्या (कंकणाची त्रिज्या) १.५५ आर्कसेकंदाच्या आसपास बसते, ते ठीक. पण विदा वजा मॉडेल केलं की दोन्ही कमानींवर धन-ऋण ठिपक्यांची माळ उरते. शिवाय टेपर लावलेल्या (लांब बेसलाइनचा भार कमी करून विभेदन उतरवलेल्या) चित्रावर वर्धन, म्हणजे भिंगाने तेज किती पट वाढवलं ते, ११ येतं, पूर्ण विभेदनावर १६-१७. निबंधांतही तेच: हवाईतल्या एसएमए दुर्बिणीच्या मापांवरून ११, अल्मानंतर १६ ते १८.

मग तारानिर्मितीचा दर काढताना भागायचं कशाने? आणि चित्रावरच मॉडेल बसवत राहायचं की सरळ व्हिजिबिलिटीवर (अँटेनांच्या जोड्यांनी घेतलेल्या मूळ मापांवर) जायचं?

बेसलाइन_बंड्या
व्हिजिबिलिटीवर. चर्चा बंद. :)

बरं, कारणही देतो. क्लीन केलेल्या चित्रातले शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, एका बीममध्ये (विभेदनाच्या एका ठिपक्यात) तुमचे पंचवीस-तीस पिक्सेल बसतात. त्यांना स्वतंत्र धरून काय-वर्ग (मॉडेल किती जुळलं त्याचं माप) काढला की चुका पाचेक पटींनी लहान दिसतात. दुसरं, क्लीनने चित्रात स्वतःचा अंदाज घातलेला असतो. मास्क कुठे काढला, किती खोल गेलात, त्यावर कमानीची जाडी बदलते. ती माळ थोडीफार त्यामुळेही असेल.

पण व्हिजिबिलिटीवर जाताना लोक विदा लहान करण्याच्या नादात सरासरी काढतात आणि तिथे माती खातात. हिशोब करून घ्या. पृथ्वी सेकंदाला ७.३ × १०^-५ रेडियन फिरते. बेसलाइन १५ किमी, तरंगलांबी १ मिमी, म्हणजे दीड कोटी तरंगलांब्या. यूव्ही प्रतलात (आकाशातून दिसणाऱ्या बेसलाइनांच्या नकाशात) हा बिंदू सेकंदाला सुमारे १,१०० तरंगलांब्या सरकतो. कंकणाचा भाग केंद्रापासून २ आर्कसेकंद धरा, म्हणजे १०^-५ रेडियन. सेकंदाला ०.०११ आवर्तन. १० सेकंदांची सरासरी काढली तर सर्वांत लांब बेसलाइनवर २ टक्के जातात, चालेल. ३० सेकंदांची काढली तर १७ टक्के गायब! तेही नेमके बारीक तपशील सांगणाऱ्या बेसलाइनवरचे. दीड किमीच्या रचनेत मात्र ३० सेकंद बिनधास्त घ्या.

वारंवारितेचंही तसंच. २ गिगाहर्ट्झची पूर्ण खिडकी एका चॅनेलमध्ये दाबली तर २९० गिगाहर्ट्झला २ आर्कसेकंदांवरचा ठिपका १४ मिलीआर्कसेकंद फासला जातो. तुमचा बीमच २३ चा! खिडकीचे १६ भाग करा, प्रत्येकी १२५ मेगाहर्ट्झ, फासणं १ मिलीआर्कसेकंदाच्या आत येतं. आणि सगळ्याच्या आधी फेजशिफ्टने केंद्र कंकणाच्या मध्यावर आणा. निरीक्षणाचं केंद्र तिथेच असेल असं नाही.

सावली
"चर्चा बंद" म्हणून पुढे चार परिच्छेद. मराठी आंतरजालावर स्वागत आहे.

तिरकस
बंड्याशी अर्धा सहमत. चित्रावर बसवणं निरुपयोगी नाही, फक्त शेवटचं उत्तर म्हणून वापरू नये. चित्रावर मॉडेल काही मिनिटांत बसतं, लांब बेसलाइनच्या व्हिजिबिलिटीवर तेच काम दिवस खातं. म्हणून आधी चित्रावर भिंगाचं केंद्र, त्रिज्या, लंबगोलपणा यांची ढोबळ जागा पकडायची आणि त्या मर्यादा घेऊन व्हिजिबिलिटीवर जायचं. त्रिज्येला १.४ ते १.७ एवढीच मोकळीक पुरे.

त्रिज्या डोक्यात ताडून बघायची तर १.४ आर्कसेकंद × (सिग्मा/२२०)^२ × (भिंग ते स्रोत अंतर भागिले आपण ते स्रोत अंतर). सिग्मा म्हणजे भिंगातल्या ताऱ्यांच्या वेगांचा विस्तार. या जोडीसाठी शेवटचं गुणोत्तर ०.८ च्या आसपास. १.५५ यायला सिग्मा सेकंदाला २५५-२६० किमी हवा. लंबवर्तुळाकार दीर्घिकेला साजेसा आहे. ४०० आला असता तर समजायचं की मध्ये एकटी दीर्घिका नाही, गट आहे.

आणखी एक. भिंगाचं केंद्र हबलच्या चित्रावरून आणून खिळा ठोकू नका. हबल आणि अल्माच्या निर्देशांकांत दशांश आर्कसेकंदांचा फरक असू शकतो आणि तुमचा बीम ०.०२३ आहे. केंद्र मोकळं ठेवा. एसडीपी.८१ मध्ये भिंगाच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून क्षीण रेडिओ-प्रकारचं उत्सर्जन अल्मालाच दिसलंय, ताडायला ते वापरा.

एक_शंका
वाचतोय, अर्धं डोक्यावरून जातंय. मूळ प्रश्न विचारू का? धुळकट दीर्घिकाच का? साध्या का नाहीत? आणि इतक्या सर्वेक्षणांतून नेमकी भिंगामागची कशी ओळखतात?

मिलीजॅन्स्की
विचारा की, धागा तुमच्या बापाचा नसला तरी आमच्याही नाही.

धूळ तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश गिळते आणि अवरक्तात, सुमारे १०० मायक्रॉनला, परत सोडते. दृश्य प्रकाशात दीर्घिका जवळजवळ दिसत नाही, सबमिलीमीटरमध्ये भगभगते. आता गंमत. दीर्घिका लांब नेली की अंतरामुळे मंद होते, पण रेडशिफ्टमुळे वर्णपटाचा चढता, तेजस्वी भाग आपल्या ८५० मायक्रॉनच्या खिडकीत सरकतो. दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. रेडशिफ्ट १ पासून ८ पर्यंत तीच दीर्घिका ८५० मायक्रॉनला जवळपास सारखीच तेजस्वी राहते. याला ऋण के-करेक्शन म्हणतात.

ओळखायचं कसं? हर्शेलच्या स्पायर कॅमेऱ्यात ५०० मायक्रॉनला १०० मिलीजॅन्स्कीहून (मिलीजॅन्स्की हे तेजाचं एकक) तेजस्वी स्रोत निवडा. आपल्या जवळच्या सर्पिल दीर्घिका दृश्य प्रकाशाच्या चित्रांत ठळक दिसतात, त्या काढा. ब्लेझार (कृष्णविवराचा झोत आपल्याकडे रोखलेल्या दीर्घिका) रेडिओत तेजस्वी असतात, ते काढा. उरतात ते जवळपास सगळे भिंगवाले, कारण इतक्या तेजस्वी दीर्घिका मुळात जवळजवळ नाहीतच. त्यांची संख्या तेजाबरोबर घातांकी वेगाने कोसळते. नेग्रेलो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या १४.४ चौरस अंशांत असे पाच काढून दाखवले, आपली एसडीपी.८१ त्यातलीच. २०१७ पर्यंत ६०० चौरस अंशांत ८० उमेदवार झाले. दक्षिण ध्रुवावरच्या १० मीटरच्या एसपीटी दुर्बिणीने १.४ मिमीला २,५०० चौरस अंश चाळून हेच केलं.

लक्षात ठेवा, हर्शेलचा बीम ५०० मायक्रॉनला ३६ आर्कसेकंदांचा आहे. त्यात ३ आर्कसेकंद व्यासाचं कंकण नुसता एक ठिपका. "भिंग आहे" हे हर्शेल कधीच दाखवत नाही, ते अल्मा किंवा एसएमएने दाखवायचं.

चिंचोक्या
"जवळपास सगळे" वर जरा थांबू. एचएक्सएमएम०१ बघा, रेडशिफ्ट २.३०७. तेजस्वी, पण निघाल्या दोन महाकाय दीर्घिका एकमेकींवर आदळताना, भिंगाचा वाटा किरकोळ. एसपीटी२३४९-५६ तर ४.३ रेडशिफ्टला एका जागी दाटलेल्या दीर्घिकांचा आद्य-समूह निघाला. उलट बाजूने १९९१ मध्ये एफ१०२१४+४७२४ विश्वातली सर्वांत तेजस्वी वस्तू म्हणून गाजली आणि पुढे मध्ये भिंग सापडलं. म्हणजे दोन्हीकडून फसगत होते. कंकण किंवा प्रति-प्रतिमा (भिंगाच्या विरुद्ध बाजूची दुसरी प्रतिमा) दिसल्याशिवाय वर्धनाने भागायला घेऊ नये.

प्रा. उपद्व्यापी
एक_शंका, हे घरी करून बघा. स्टीलच्या वाटीत थोडं दूध घ्या, खिडकीतलं तिरपं ऊन कडेवरून आत पडू द्या. दुधावर दोन कमानी एका टोकाशी मिळाल्यासारखी चकाकती रेष दिसेल. कॉस्टिक म्हणतात ती हीच. रेषेच्या आत एक बाजू, बाहेर दुसरी, रेषेवर प्रकाश दाटलेला. भिंगामागच्या दीर्घिकेच्या प्रतलात अशीच एक रेष असते, चार टोकांच्या चांदणीसारखी. दीर्घिकेचा जो भाग या रेषेवर येतो त्याचं वर्धन प्रचंड, जो लांब राहतो त्याचं किरकोळ.

कंकण बघायचं असेल तर पायाचा काचेचा ग्लास घ्या, आइस्क्रीमचा चालेल. तळाची चकती आलेख कागदावर ठेवा, खाली पेनाने ३ मिमीचा ठिपका काढा, वरून सरळ बघा. ठिपका दांड्याच्या बरोबर खाली आला की कंकण होतं. चकती २-३ मिमी सरकवा, कंकण तुटून एक लांब कमान आणि समोर एक छोटा तुकडा राहतो. एसडीपी.८१ मध्ये हेच दिसतं.

आता ठिपक्याला लाल टिंब आणि भोवती निळं वर्तुळ असं दोन रंगांत काढा आणि पुन्हा सरकवा. लाल आणि निळा सारख्या प्रमाणात ताणले जात नाहीत. कंकणाकृती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या निळ्या-लालमध्ये आहे. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

सावली
दूध सांडलं. कॉस्टिक ओट्यावर दिसतंय.

नारायणगावकर
अवांतर: आमच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ-दुर्बिणीलाही भिंगाने हात दिलाय. चक्रवर्ती आणि रॉय यांनी २०२३ मध्ये १.२९ रेडशिफ्टच्या दीर्घिकेतून अणुरूप हायड्रोजनची २१ सेंमीची रेषा पकडली, शोधनिबंधात वर्धन सुमारे ३०. १,४२०.४ मेगाहर्ट्झची रेषा तिथून ६२० च्या आसपास येते, नव्या जीएमआरटीच्या ५५० ते ८५० च्या बँडमध्ये बरोबर बसते. धुळीच्या कंकणांसाठी खोडद वापरता येईल का? तारानिर्मिती असली की रेडिओ उत्सर्जन असतंच.

बेसलाइन_बंड्या
एकूण तेज मोजायला वापरता येईल, कंकण बघायला नाही. खोडदची सर्वांत लांब बेसलाइन २५ किमी, २१ सेंमीला विभेदन २ आर्कसेकंद. एसडीपी.८१ चं कंकण ३.१ व्यासाचं, म्हणजे आडवे जेमतेम दीड बीम. मेदूवड्याचा बटाटेवडा दिसेल. पण तेवढंही कामाचं असतं: धुळीच्या तेजाच्या मानाने रेडिओ फार जास्त निघालं तर गाभ्यातलं कृष्णविवर किंवा भिंगाची दीर्घिकाच बोलतेय असा संशय घ्यायचा.

पुण्याचा धागा निघालाच आहे तर हेही. आयुका या खगोलसंस्थेच्या अनुप्रीता मोरे या स्पेस वॉर्प्स या लोकविज्ञान प्रकल्पाच्या तीन संस्थापकांपैकी एक. याच प्रकल्पात २०१४ मध्ये स्वयंसेवकांनी चित्रं चाळताना ९आयओ९ नावाचं लाल कंकण शोधलं, रेडशिफ्ट २.५५३. ती धुळकट दीर्घिका, रेडिओतही तेजस्वी. २०२३ मध्ये तिच्या धुळीच्या ध्रुवीभवनावरून अल्माने दीर्घिकेतलं शिस्तीत मांडलेलं चुंबकीय क्षेत्र दाखवलं.

एक_शंका
९आयओ९ हे काय नाव झालं?

मिलीजॅन्स्की
चित्राच्या क्रमांकाची शेपटी. खगोलवाल्यांना बारशाचा कंटाळा. त्यातल्या त्यात एसएमएम जे२१३५-०१०२ ला "कॉस्मिक आयलॅश" म्हणाले, आपण "पापणी" म्हणू. एका दीर्घिका-समूहामागे दडलेली, वर्धन ३२ च्या आसपास, ८७० मायक्रॉनला १०६ मिलीजॅन्स्की. २०१० मध्ये जाहीर झाली.

तिरकस
वर्धनामुळे नेमका काय फायदा होतो यावर नेहमी गोंधळ होतो, तो इथेच मिटवू. "वर्धन १० म्हणजे निरीक्षणाचा वेळ १०० पट वाचला" असं म्हणतात. पण भिंग पृष्ठतेज बदलत नाही! फक्त क्षेत्रफळ वाढवतं. कंकण तुमच्या बीममध्ये विभेदित होत असेल तर एका बीममध्ये पडणारं तेज भिंग असो वा नसो, तेवढंच. मग १०० पट कुठून आले?

मिलीजॅन्स्की
आले, वेगळ्या वाटेने. दीर्घिका बीमहून लहान असेल तर सरळ आहे: तेज १० पट, वेळ १०० पट कमी. विभेदित असेल तर विचारायचं की भिंगाशिवाय तेवढाच बारीक तपशील बघायला काय लागलं असतं. बीमचं क्षेत्रफळ १० पट लहान करावं लागलं असतं. त्या बीममध्ये तेज १० पट कमी पडलं असतं, म्हणजे पुन्हा वेळ १०० पट. हिशोब त्याच घरात येतो.

तिरकस
मान्य. पण मग ते वर्धन दोन्ही दिशांना सारखं नसतं हेही सांगा. समतापी भिंगात त्रिज्येच्या दिशेचं वर्धन जवळपास १ असतं, सगळं ताणणं कंकणाच्या बाजूने. २३ मिलीआर्कसेकंद म्हणजे ३.०४ रेडशिफ्टला सुमारे १८० पार्सेक. कंकणाच्या बाजूने ते काही दहा पार्सेकांपर्यंत उतरतं, आडव्या दिशेने १८० च राहतात. पुनर्रचित दीर्घिकेत लांबट गाठी दिसल्या की आधी विचारायचं: गाठ लांबट आहे की बीम?

चिंचोक्या
+१. विरुद्ध बाजूची छोटी प्रतिमा इथे उपयोगी पडते. तिच्यात ताणण्याचं प्रमाण वेगळं असतं.

प्रा. उपद्व्यापी
आलो. मूळ प्रश्नाकडे.

"दीर्घिकेचं वर्धन" अशी एक संख्या नसतेच. प्रत्येक पिक्सेलचं वर्धन असतं आणि आपण छापतो ती तेजाने भारित सरासरी. भार बदलला की सरासरी बदलते. कॉस्टिकजवळ दाटलेली उष्ण धूळ असेल तर बँड ७ मध्ये तिचा भार जास्त, वर्धन जास्त. थंड, पसरलेला वायू कॉस्टिकपासून लांबपर्यंत पोचतो, त्याचं वर्धन कमी. कमी विभेदनावर सेर्सिक बसवला की तो आकार थोडा फुगवून घेतो आणि फुगलेल्या स्रोताची सरासरी खाली येते. तुमचे टेपरवाले ११ आणि पूर्ण विभेदनाचे १७ यात चूक नसून भारांचा फरक आहे.

याचे दुष्परिणाम मात्र खरे. एकूण वर्णपट घेऊन धुळीचं तापमान काढलं तर ते खऱ्याहून जास्त येतं, कारण उष्ण भाग जास्त वाढलेला. कार्बन मोनॉक्साइडच्या वरच्या पायऱ्यांच्या रेषा खालच्यांच्या मानाने फुगतात आणि वायू आहे त्याहून जास्त चेतलेला वाटतो. रेषेचा आकारही वाकतो: फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू कॉस्टिकजवळ, दुसरी लांब, मग दोन शिखरांतलं एक उंच. लोक त्याला दोन दीर्घिकांची टक्कर समजतात.

म्हणून कृती अशी. भिंगाचं मॉडेल अखंड उत्सर्जनावर (रेषा सोडून उरलेल्या सलग वर्णपटावर) पक्कं करा आणि गोठवा. मग प्रत्येक बँड आणि रेषेचं प्रत्येक चॅनेल त्याच भिंगातून वेगवेगळं पुनर्रचित करा. दर बँडचा, दर चॅनेलचा स्वतंत्र भागाकार. भागायचं ते स्रोताच्या प्रतलात, बाहेरच्या एका आकड्याने नाही.

कंकणाकृती
हे पटलं. म्हणजे तारानिर्मितीच्या दरासाठी बँड ७ च्या धुळीचं १६-१७ धरायचं आणि वायूच्या वस्तुमानासाठी त्या-त्या रेषेचं. पण दुसऱ्या दशांशापर्यंत वाद घालणारे निबंध बघून घाबरायला होतं.

सावली
घाबरू नका. समजा भासमान अवरक्त तेज सूर्याच्या ६ × १०^१३ पट आहे. ११ ने भागलं की ५.५ × १०^१२, १७ ने भागलं की ३.५ × १०^१२. १०^-१० ने गुणा: वर्षाला ५५० किंवा ३५० सूर्य. आता ताऱ्यांच्या वस्तुमानांचं वाटप जुन्या साल्पीटर पद्धतीचं घेतलं तर हेच आकडे १.७ पट होतात. अकरा-सतराचा सगळा वाद एका गृहीतकाएवढा! दुधाचा रतीब मापाने घ्यायचा आणि पाणी किती ते विचारायचंच नाही, असं आहे हे.

एक_शंका
रेडशिफ्ट ३.०४२ इतका अचूक कुठून येतो? दीर्घिका दृश्य प्रकाशात दिसत नाही म्हणालात.

बेसलाइन_बंड्या
रेषांवरून. कार्बन मोनॉक्साइडची शिडी ११५.२७ गिगाहर्ट्झच्या पटीत. अल्माच्या बँड ३ मध्ये ८४ ते ११६ पर्यंत पाच मांडण्यांत झाडू मारायचा. एसपीटी०४१८-४७ चं उदाहरण घ्या: ८८.२४ ला एकच रेष दिसली तर ती २-१, म्हणजे शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर उतरतानाची, असेल (रेडशिफ्ट १.६१३), ३-२ असेल (२.९१९), ४-३ असेल (४.२२५) किंवा ५-४ (५.५३१). एका रेषेवर पैज लावायची नाही. पण ११०.२९ लाही रेष आहे, फरक २२.०५, म्हणजे ११५.२७ भागिले (१ + रेडशिफ्ट). उत्तर ४.२२५, संशय संपला. ९४.१९ ला अणुरूप कार्बनची रेष असायला हवी, तीही ताडायला. २.९१९ असता तर ४-३ रेष ११७.६ ला, बँडच्या जरा बाहेर पडली असती. म्हणून एकच रेष दिसणं धोक्याचं.

याच एसपीटी०४१८-४७ वर २०२० मध्ये अल्माने आयनित कार्बनच्या रेषेवरून शांत फिरणारी तबकडी दाखवली आणि २०२३ मध्ये जेम्स वेबने ३.३ मायक्रॉनची हायड्रोकार्बनांची खूण पकडली. ५.२२५ ने गुणा, १७.२ मायक्रॉन. काजळीचा धूर म्हणा, एवढ्या लांबचा.

कंकणाकृती
एसडीपी.८१ मध्ये अखंड उत्सर्जन काढताना कुठल्या वारंवारिता वगळू?

बेसलाइन_बंड्या
५-४ रेष १४२.५७ ला बँड ४ मध्ये, ८-७ रेष २२८.०५ ला बँड ६ मध्ये, १०-९ रेष २८५.० ला बँड ७ मध्ये. बँड ६ मध्ये २४४.४ ला पाण्याची रेषही आहे, ती लोक विसरतात. २८५ ला सेकंदाला ५०० किमी म्हणजे ०.४८ गिगाहर्ट्झ, म्हणून दोन्ही बाजूंना ०.६ सोडा. वगळल्याशिवाय स्टॅटडब्ल्यूटी (विखुरण्यावरून मापांची वजनं ठरवणारा प्रोग्राम) चालवू नका, रेषेलाच गोंगाट समजून वजनं पाडतो.

आणि वजनांवर आंधळा विश्वास नको. एकाच बेसलाइनवरच्या लागोपाठच्या दोन व्हिजिबिलिटी वजा करा, स्रोत निघून जातो, उरतो गोंगाट. त्याचा विस्तार भागिले २ चं वर्गमूळ. वजनांतून येणारा आकडा याच्याशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर काय-वर्गाला अर्थ नाही.

कंकणाकृती
आणखी एक करून बघितलं. एकच सेर्सिक काढून पिक्सेलवाला स्रोत (प्रत्येक पिक्सेलचं तेज मोकळं) घेतला, तर मॉडेल एकदम उत्तम बसलं, पण त्रिज्या ०.३ आली आणि मागची दीर्घिका कंकणासारखीच दिसते!

तिरकस
हा सापळा प्रसिद्ध आहे. पिक्सेलांना मोकळं सोडलं की त्यांना भिंगाची गरजच वाटत नाही. वस्तुमान जवळजवळ शून्य करून ते कंकण जसंच्या तसं मागच्या प्रतलात रंगवतात. म्हणून पायऱ्यांनी जायचं. आधी सेर्सिक, त्यातून भिंगाच्या मर्यादा, मग पिक्सेल. पायऑटोलेन्स या भिंगाचं मॉडेल बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रतिमांच्या जागा देऊन अट घालता येते: दोन कमानींतले एकाच गाठीचे ठिपके निवडा, ते स्रोताच्या प्रतलात ०.३ आर्कसेकंदाच्या आत एकत्र आले नाहीत तर ते मॉडेल फेकून दे. त्रिज्या ०.३ वालं उत्तर तिथेच बाद होतं.

वस्तुमान-पत्र्याची संदिग्धता विसरू नका. भिंगाचं वस्तुमान ५ टक्के कमी करून जागी सपाट पत्रा पसरला तर प्रतिमांच्या जागा हलत नाहीत, वर्धन मात्र ११ टक्क्यांनी वाढतं. चित्रातून हे कळणार नाही. वर्धनाच्या पुढे ±०.४ लिहिताना हे ध्यानात असू द्या.

चिंचोक्या
धन-ऋण माळेचं राहिलंच. एक कारण म्हणजे एकच गुळगुळीत सेर्सिक. एसडीपी.८१ ची धूळ गाठीगाठींची आहे, एक लंबगोल तिला पुरणार नाही. पिक्सेल आल्यावर बरीचशी माळ जाईल. पण राहिलेलं लगेच कृष्णद्रव्याची गाठ म्हणून जाहीर करू नका. २०१६ मध्ये हेझावे आणि सहकाऱ्यांनी याच विदासंचात सूर्याच्या सुमारे १०^९ पट वस्तुमानाचा उपप्रभामंडल दाखवला, पण त्यांनी प्रत्येक अँटेनाच्या फेजमधल्या चुकाही मॉडेलबरोबरच सोडवल्या होत्या. लांब बेसलाइनवर वातावरणाने ३० अंशांचा फेज-गोंधळ राहिला तर तेज १३ टक्के पडतं, ६० अंशांवर ४२ टक्के. हे पडणं सगळ्या अँटेनांवर सारखं नसतं आणि चित्रात त्याची नक्कल उपप्रभामंडलासारखीच दिसते.

सर्वांत छोटी बेसलाइनही बघा. १०० मीटरच्या खाली काहीच नसेल तर २९० गिगाहर्ट्झला सव्वा आर्कसेकंदाहून मोठी गुळगुळीत रचना दिसतच नाही, आणि कंकण ३.१ चं. चित्रात कंकणाभोवती काळी खळगी दिसली की ती हीच. व्हिजिबिलिटीवर मॉडेल बसवताना याचा त्रास कमी, कारण न मोजलेलं तिथे विचारलंच जात नाही.

प्रा. उपद्व्यापी
आणि छापायच्या आधी खोटी दीर्घिका टाकून बघा. माहीत असलेल्या वर्धनाचा, समजा १५ चा, स्रोत बनवा, तुमच्याच यूव्ही बिंदूंवर त्याच्या व्हिजिबिलिटी काढा, वर मोजलेला गोंगाट मिसळा, आणि तीच सगळी पायपीट करा. १५ परत आले पाहिजेत. अशा वीस-पंचवीस दीर्घिका, काही कॉस्टिकवर, काही बाजूला. परत येणाऱ्या आकड्यांचा पसारा हीच तुमची खरी चूक, मॉडेल बसवणाऱ्या सॅम्पलर-प्रोग्रामने दिलेली नव्हे.

कंकणाकृती
ठरलं. फेजशिफ्ट, १० सेकंद, १२५ मेगाहर्ट्झ, रेषा वगळून वजनं, सेर्सिक, मग जागांच्या अटीसह पिक्सेल, मग खोट्या दीर्घिका. बँड ७ ने सुरुवात. बँड ४ चं विभेदन ६० × ५४ मिलीआर्कसेकंद आहे, तो त्याच भिंगातून नंतर.

बेसलाइन_बंड्या
बँड ४ ला ५-४ रेषेच्या चॅनेलमध्ये टेपर लावा, पूर्ण विभेदनावर रेष गोंगाटात बुडते. ०.१ ते ०.२ आर्कसेकंदांच्या मध्ये कुठेतरी थांबा. आणि डिस्क रिकामी करून ठेवा.

एक_शंका
ओट्यावरचं दूध पुसून झालं का, सावली?

सावली
मांजराने पुसलं. वर्धन १.